नवलनगरच्या अध्यक्षांची खुर्ची

मी आयुष्यात एकदा एका देशाचा अध्यक्ष होतो. कारकीर्द पावणेदोन तासांची झाली, आणि त्यात चहाचं मध्यंतरही धरलेलं आहे.

देशाचं नाव नवलनगर. नकाशात शोधू नका. तो देश मी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर बसून, जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर तयार केला होता. मी तिथे कारकून होतो. आम्हा रेल्वेच्या लोकांचं एक हौशी नाटक मंडळ होतं. दिवाळी झाली की इंजिनशेडमागच्या मोकळ्या जागेत मांडव घालायचा आणि रविवारी भर दुपारी नाटक करायचं, कारण रात्री निम्मे नट ड्युटीवर असत. नाटक ठरलेलं. एक राजा, एक कपटी सेनापती, आणि राणीच्या वेषासाठी मिशा काढायला तयार होईल असा कोणीतरी. पण त्या साली आमच्या राजाची भुसावळला बदली झाली आणि जाताना तो मुकुट घेऊन गेला. (मुकुट त्याने स्वतःच्या ट्रंकेचा पत्रा कापून केला होता, त्यामुळे परत मागायला तोंड नव्हतं.)

"आता राजाशिवाय नाटक कसं करायचं?" हुसेनने विचारलं. हुसेन माझा जिवाभावाचा दोस्त. इंजिनावर फायरमन.

"ज्या देशात राजाच नाही त्या देशाचं करू," मी म्हणालो. मी वर्तमानपत्र वाचत असे आणि वाचतो हे लोकांना कळेल अशी व्यवस्थाही करत असे. "काही मुलखांत राजा नसतो, अध्यक्ष असतो. लोक त्याला निवडतात. मुदत संपली की तो उठून घरी जातो."

"आपण होऊन?"

"आपण होऊन."

हुसेनने कोळशाने काळे झालेले हात पुसत जरा विचार केला. "दत्तू, हे काही लोकांना खरं वाटायचं नाही."

परवानगीसाठी नाटकाची वही फौजदारसाहेबांकडे नेली. त्यांनी ती उलटसुलट चाळली आणि कपाळाला आठी घालून विचारलं, "यात राजा कुठे आहे?"

मी म्हटलं, "भुसावळला."

त्यांनी सही केली.

आता मुकुटाचं ते निमित्त झालं. अध्यक्षाचं नाटक लिहिण्यामागे माझा वेगळाच डाव होता, आणि तो डाव माझ्या वडिलांवर, म्हणजे आबांवर होता.

आमचं घर सोमाटण्याजवळच्या एका खेड्यात. घर पाटलाचं. पाटीलकी दोन घरांत वाटलेली, एक आमचं आणि दुसरं तात्यांचं. तात्या म्हणजे आबांचे धाकटे चुलतभाऊ रामा, माझे चुलते. पाच वर्षं एका घराची पाळी, पाच वर्षं दुसऱ्याची. पाळी संपली की पाटलाने दफ्तराची पेटी स्वतः उचलून दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवायची, तिथे गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि घरी यायचं. आजोबा-पणजोबांपासून असंच चाललेलं. आबांची पाळी पाडव्याला संपली. पाडवा गेला, पावसाळा गेला, दिवाळीचे दिवे विझले, तरी पेटी आमच्या माजघरातच. दुपारी आबा तिला टेकून झोपायचे. तात्यांचा निरोप आला की एक डोळा उघडून म्हणायचे, "देतो की. पेटीला काय पाय फुटल्यात का?"

यात माझं काय जात होतं म्हणाल, तर माझं लग्न जात होतं.

इंदुरीच्या अण्णांची मुलगी चंद्रा मला दाखवली होती. बघण्याच्या कार्यक्रमात तिने मान एकदाच वर केली, तीही मी स्वतःच्या धोतरावर चहा सांडला म्हणून. ती हसली नाही. पण हसू दाबताना तिच्या गालाला जी खळी पडली, ती मी मालधक्क्यावर गुळाच्या ढेपा मोजताना आठवत असे आणि पुन्हा एकपासून मोजत असे. ती मला फार आवडली होती. अण्णांनाही मी चालत होतो. पण त्यांनी कळवलं होतं, "पोरगं गरीब हाय, नोकरी चांगली हाय. पन भावकी जितं दारात भांडती त्या घरात आमी लेक देत न्हाई. पेटी जाऊ द्या, मग बोलू." याआधी दोन स्थळं याच पेटीला अडखळून परत गेली होती.

आबांना समोरासमोर सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून मी नाटक लिहिलं. शेवटच्या प्रवेशात माझी, म्हणजे अध्यक्षांची, मुदत संपते. अध्यक्ष चार शब्द बोलून खुर्चीवरून उठतात आणि नव्या अध्यक्षाला तिथे बसवतात. बाप ते बघणार, त्याला पाझर फुटणार, दुसऱ्या दिवशी पेटी जाणार, असा माझा हिशोब. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या मी मुद्दाम राखून ठेवल्या. एक आबांना, एक तात्यांना आणि मधली अण्णांना. चंद्राची मावशी लोणावळ्यालाच रेल्वेच्या चाळीत राहायची, तिने चंद्राला चार दिवस आणून ठेवलं होतं. बायकांच्या बाजूला दोरीपलीकडे त्या दोघी बसणार होत्या.

"हे सगळं आबांना सांगितलंयस?" हुसेनने विचारलं.

"सांगितलं तर ते येतील का?"

"मग खुदा तुझं भलं करो," असं म्हणून तो आपलं भाषण पाठ करायला लागला. नवा अध्यक्ष तोच होता.

पुढची अडचण पोशाखाची. अध्यक्ष घालतो काय, हे लोणावळ्यात कोणालाच माहीत नव्हतं. शिंपी म्हणाला, माप सांगा. मापाचा प्रश्न नव्हता. शेवटी एका पेन्शनर गार्डाचा पितळी बटणांचा काळा कोट मिळाला, आणि कोटासोबत त्याचा हिरवा झेंडाही मिळाला. मग नवलनगरचं निशाण हिरवं ठरलं. मिशी हुसेनने इंजिनाच्या काजळीने काढून दिली. खुर्ची आणली बाजारातल्या केशकर्तनालयातून, उंच पाठीची, डोकं टेकायला गादी असलेली. तेवढी रुबाबदार खुर्ची गावात दुसरी नव्हती.

पडदा ओढायला सखाराम. सखाराम सांधेवाला होता, म्हणजे रूळ बदलणारा. आदल्या साली प्रेक्षकांतून कोणीतरी वैतागून "पडदा टाका" असं ओरडलं आणि सखारामने भर प्रवेशात टाकला होता. तेव्हापासून त्याने नियमच केला. "तोंडी हुकमावर सांधा बदलला की गाड्या एकमेकींवर जात्यात. हिरवा झेंडा दावला की मी पडदा सोडनार. दुसरं कोनाचं कायबी ऐकनार न्हाई." एवढी शिस्त बघून मला त्याचं कौतुक वाटलं. नवलनगरचं निशाणही हिरवंच आहे, हे त्या कौतुकात माझ्या ध्यानात राहिलं नाही.

नाटकाच्या दिवशी आबा आणि आई तळेगावहून गाडीने आले. स्टेशनापासून मांडवापर्यंत आबांनी माझी उलटतपासणी घेतली.

"तू राजा हाईस का?"

"राजा नाही आबा, अध्यक्ष. राजासारखाच, पण लोकांनी बसवलेला."

"म्हंजी पाटील."

"हां, तसंच समजा. अख्ख्या देशाचा पाटील."

आबांची छाती फुगली. आईला म्हणाले, "बघ, पोरगं देशाचं पाटील झालंय." शेवटच्या प्रवेशाचा विषय मी काढला नाही.

नाटक सुरू झालं. पडदा वर गेला आणि गार्डाच्या कोटात मी दिसलो, तशी मागून आरोळी आली, "गार्डसाहेब, शिट्टी मारा!" मांडव हसून लोळला. मी तसंच पुढे रेटलं. लोकांनी मला निवडलं, मी शपथ घेतली, आणि "हे नवलनगरच्या नागरिकांनो" म्हणत मोठ्या अभिमानाने देशाचं निशाण उंच फडकावलं.

सखारामने पडदा सोडला.

पडद्याचा बांबू माझ्या डोक्यात बसला. आत जाऊन मी त्याच्यावर उखडलो तर तो शांतपणे म्हणाला, "हिरवा दावलात की." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग ठरवलं, यापुढे निशाण फडकवायचं नाही. खुर्चीच्या हातावर ठेवून द्यायचं आणि अगदी शेवटी उचलायचं. हेही मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं.

शेवटचा प्रवेश आला. मी खुर्चीत. समोर हुसेन, त्याच्या मामाची शेरवानी घालून. पहिल्या रांगेत आबा मिशीला पीळ देत बसलेले. मी घसा साफ करून सुरुवात केली.

"नागरिकहो, ही खुर्ची माझी नाही. तुम्ही दिलीत, तुम्हीच परत मागता आहात. माझी पाळी संपली. पाळी संपल्यावर जो बसून राहतो, त्याच्याजवळ खुर्ची राहते, पण मान राहत नाही."

हे वाक्य मी तीन दिवस घासलं होतं. पहिल्या रांगेत तात्या खाकरले. नुसते खाकरले नाहीत, आबांकडे तोंड करून खाकरले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा रं पठ्ठ्या, बोललास!"

मी खुर्चीवरून उठलो.

"दत्तू, बस," खालून आबांचा आवाज आला.

मी बसलो. तेवीस वर्षांची सवय.

हुसेन गडबडला, पण त्याने भाषण सोडलं नाही. "अध्यक्षमहाराज, आता उठावं."

मी उठलो.

"बस म्हंतो ना!"

मी बसलो. विंगेतून आमचा प्रॉम्प्टर हात हलवून सांगायला लागला, "अहो उठा, तुमचं वाक्य झालं." उठलो. आबांनी काठी उचलली. बसलो. आता लोकांनाही चव लागली. मी उठलो की टाळ्या, बसलो की टाळ्या. तेवढ्यात तात्या जागचे उभे राहिले आणि म्हणाले, "ऊठ रं लेकरा, तुजंच बराबर हाय." वडीलधाऱ्याने सांगितलं म्हणून मी चौथ्यांदा उठलो.

या वेळी बसायची संधी मिळाली नाही. आबा काठी टेकत स्टेजवर आले, मला बाजूला सारलं आणि स्वतः खुर्चीत बसले. "ह्याला न्हाई जमत. आता मी बसतो. बघू कोन उठवतंय."

मागोमाग तात्याही धोतराचा सोगा सावरत वर आले. "दादा, ऊठ. पाळी माजी हाय."

"हितं तुजी पाळी कुटली? ह्यो देश येगळा हाय."

"देश कुटलाबी असंना, पेटी माजी हाय!"

"पेटी आली का मधी? मला वाटलंच व्हतं, तू नाटकाला आला न्हाईस, पेटीला आलाईस."

मांडवात शिट्ट्या. लोकांना वाटलं, हे सगळं नाटकातलंच. मागे कोणीतरी म्हणालं, "दोन्ही म्हातारी लय झकास काम करत्यात." हुसेन माझ्या कानाशी लागून विचारत होता, "दत्तू, मग मी कोण?" आणि मला फक्त अण्णा दिसत होते. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आणि मध्ये ते एकटे, मांडीवर हात ठेवून, तोंडावरची रेघ न हलवता बसलेले.

मी विंगेकडे धावलो. "सखाराम, पडदा टाक."

"झेंडा दावा."

"अरे आग लागलीय तिकडे!"

"आगीला लाल असतो. हिरवा दावा, सोडतो."

झेंडा खुर्चीच्या हातावर होता. म्हणजे असायला हवा होता. माझ्या त्या उठबशांत तो बैठकीवर घसरला होता, आणि आता त्याच्यावर आबा बसले होते. मी परत आलो, खुर्चीशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "आबा, जरा उठा. झेंडा घ्यायचाय."

आबांनी डोळे बारीक केले. "मला शिकवतोस व्हय? ह्ये उठवायचं निमित्त हाय."

"खरंच आबा. तुमच्या खाली झेंडा आहे."

"असू दे. मी हितनं हलत न्हाई."

म्हणजे बघा, आबा उठल्याशिवाय झेंडा मिळत नव्हता, झेंड्याशिवाय पडदा पडत नव्हता, आणि पडदा पडल्याशिवाय माझ्या घराण्याची शोभा थांबत नव्हती. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने हुसेन, आम्ही आबांच्या खाली हात घालून झेंडा चाचपायला लागलो. नवलनगरचे जुने अध्यक्ष आणि नवे अध्यक्ष मिळून करत असलेलं ते पहिलं आणि शेवटचं राजकार्य. आबा गुदगुल्यांनी दचकले आणि त्यांनी दोघांच्याही हातांवर फटके मारले.

तेवढ्यात अण्णा उठले. डोक्यावरचं पागोटं नीट केलं आणि सावकाश म्हणाले, "पाटील, आमी निगतो. गाडीची येळ झाली."

गाडीला अजून तास होता. हे आबांना माहीत होतं, तात्यांना माहीत होतं, आणि मांडवात निम्मे लोक रेल्वेचेच असल्यामुळे त्यांनाही माहीत होतं. आता ही खळी आपल्याला पुन्हा दिसत नाही, एवढंच मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. त्याबरोबर काजळीची मिशी थेट कानापर्यंत गेली.

आबा माझ्याकडे बघत राहिले.

"दत्तू," ते म्हणाले, "लय आवडली व्हय रं पोरगी?"

हे त्यांनी हळू विचारलं, पण आबांचं हळू म्हणजे शिवार पार करून जाणारं. अख्ख्या मांडवासमोर, गार्डाच्या कोटात, कानापर्यंत मिशी असताना, मी मान हलवली. दोरीपलीकडे बायकांत खसखस पिकली.

"मग तसं सांगायचं की, लेका. एवढं नाटक कशाला लिवलंस?"

मी दुसऱ्या बाहीने तोंड पुसलं आणि मिशी दुसऱ्याही कानापर्यंत गेली.

आबा काठीवर जोर देऊन उठले. "अण्णा, बसा. मी उठलो. उद्या सकाळी पेटी रामाच्या वसरीवर जाती. चारचौघांत बोललो, आता मागं फिरत न्हाई." मग तात्यांकडे वळून, "बस रामा. तुजी पाळी."

तात्या खुर्चीकडे बघून मागे सरकले. "न्हाई दादा, तूच बस. मोठा हाईस."

"आरं बस की. मऊ हाय."

"तू बस, तुजं गुडगं दुखत्यात."

"मी बसलो तवा ऊठ म्हनत व्हतास, आन आता बस म्हंतोस?" आबांचा आवाज पुन्हा चढायला लागला. आता न बसण्यावरून भांडण होतंय की काय अशी मला धास्ती पडली. तेवढ्यात आबांनी खुर्चीवरचा झेंडा उचलला, "आन ह्ये काय हाय, मगाधरनं काडी टोचतीया," असं म्हणून तो लोकांना दिसेल असा डोक्यावर धरला.

सखारामने पडदा सोडला. टाळ्या थांबेनात.

आत हुसेन शेरवानीची बटणं काढत पुन्हा म्हणाला, "दत्तू, मग मी अध्यक्ष झालो की नाही?" त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. नवलनगरची खुर्ची अजून रिकामी आहे.

दुसऱ्या दिवशी आबांनी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तात्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. आई सांगते की दोघांनी गुळाचा खडा मोडून निम्मा निम्मा खाल्ला आणि रडले. वैशाखात आमचं लग्न झालं. मंडळाच्या लोकांनी पुढची तीन वर्षं माझ्यामागे तगादा लावला की तेच नाटक पुन्हा करा, पण म्हातारे दोन्ही तेच पाहिजेत.

माझी मात्र इतकी वर्षं एक समजूत होती, आणि ती मी येईल त्या पाहुण्याला ऐकवत असे. ती अशी, की मी नाटकात एक वाक्य लिहिलं आणि त्या वाक्यामुळे भावकी जुळली, अण्णा विरघळले आणि आमचं लग्न झालं. परवा पाहुणे गेल्यावर चंद्रा कपबशा उचलता उचलता म्हणाली, "तुमच्या वाक्यानं काय झालं न्हाई. अण्णा मांडवाभाईर पडून बी न्हाईच म्हनत व्हतं. म्हनले, बाप हेकट हाय, पोरगं रडतंय, कशाला देयाची. मीच मावशीकरवी सांगितलं, मला ह्योच पायजे."

मला भरून आलं. म्हटलं, शेवटी माझं मन हिला कळलं तर. "माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून ना?"

"पानी कुटं दिसतंय तेवड्या लांबनं?" ती म्हणाली. "तुमी चारदा उठलात आन तीनदा बसलात. मी मावशीला म्हनलं, पाटलांच्या घरात ऊठ म्हनलं की उठनारा ह्यो एकच गडी दिसतोय, ह्याला सोडायचा न्हाई. आता उठा, मला हितं सारवायचंय."

मी उठलो.